बर्फातली कुत्री, चंद्रपूरचं डांबर

चंद्रपूरला बर्फ पडत नाही. हे आधीच सांगून टाकतो. कारण हे ज्यांना ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असूनही चालत होतं, अशी चांगली शिकलेली माणसं मला तिथं भेटली आणि मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस त्यांच्यापुढं हात बांधून उभा राहिलो. तिकडं बघण्यासारखं पुष्कळ आहे. जे गेले नाहीत त्यांच्यासाठी तेही सांगणार आहे. पण राग बाजूला ठेवून सांगता येईल असं वाटत नाही.

मी बिरू, जत तालुक्यातला. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कुत्री. लांब तोंडाची, सडपातळ, सशामागं सोडली की धुळीची रेघ उठवणारी. शाळा सुटली ती माझ्याकडूनच सुटली, दोष कुणाला देत नाही. आठ वर्षांपूर्वी पुण्याजवळ एका कुत्र्यांच्या फार्मवर लागलो. मालकांना आम्ही सर म्हणतो. सरांकडं हस्की होती, म्हणजे बर्फात गाडी ओढणारी कुत्री. ती पाळायची, वाढवायची, पिलं विकायची. मनालीकडचा नोर्बू नावाचा उस्ताद दोन हिवाळे तिथं होता, त्यानं मला हे काम शिकवलं. जुंपणीचे पट्टे छातीवर कसे बसवायचे, कुणाशेजारी कुणाला लावायचं, पावलांच्या गादीला भेग पडली तर काय लावायचं, माजावर आलेल्या मादीला कळपात कसं सांभाळायचं. गाडीला जुंपलेल्यांत सगळ्यांच्या पुढं एकच कुत्रं असतं. त्याला चालवायचं म्हणजे लगाम नाही, चाबूक नाही, नुसता आवाज. नोर्बू म्हणायचा, पुढचं कुत्रं हुकूम पाळणारं पाहिजे, पण वेळेला न पाळणारंही पाहिजे. बर्फ पातळ असेल तर ते तुमच्याआधी त्याला कळतं. ते बसलं, तर गाडीवाल्यानं खाली उतरायचं आणि ते का बसलं ते बघायचं. त्याला ओढायचं नाही. कधीच नाही.

आमची पुढची म्हणजे राणी. एक डोळा निळा, एक तपकिरी. तिला मी अडीच महिन्यांची असल्यापासून शिकवलेलं.

घुग्घुस

सरांनी चंद्रपूरकडच्या एका रिसॉर्टशी बोलणं केलं होतं. लग्नसराईत वरातीची गाडी ओढायला तिथं पाच कुत्री आणि मी. गार हवेच्या गाडीतनं आम्ही निघालो, वणी सोडून घुग्घुसला सकाळी चहाला थांबलो. कोळशाचा गाव. ट्रकामागं ट्रक, आणि खाणीतली पाळी सुटलेली माणसं मोटारसायकलींवर, भुवयांपर्यंत काळी. कुत्र्यांना पाय मोकळे करायला उतरवलं तर पाच मिनिटांत त्यांची पांढरी पावलं बुटासारखी काळी झाली.

एक कामगार चहाचा ग्लास घेऊन जवळ आला. "हे कोनत्या जातीचे होत, भाऊ?"

"हस्की."

"थंडीतले न?"

"हो."

त्यानं वर बघितलं. अजून आठ वाजले नव्हते आणि ऊन कपाळावर टोचत होतं. "मंग इकडं काऊन आनले?"

"काम आहे."

"कामच तं आमाले बी हाये," तो म्हणाला, "पन आमी इथलेच होत."

पहिल्याच माणसाला कळलं ते हे असं, चहाच्या एका ग्लासात.

मूल रस्त्यावरचा हिमालय

रिसॉर्ट चंद्रपूरहून मूलकडं जाणाऱ्या रस्त्याला, जंगलाच्या कडेवर. आत शिरलो आणि समोर हिमालय. भिंतीवर रंगवलेला, तीन माणसं उंच. त्याच्या पायाशी थर्मोकोलचे दाणे पसरलेले, आणि फेस उडवणारं एक यंत्र. भिंतीच्या पलीकडं साग आणि मोहाची झाडं, आणि त्या झाडांत वाघ. खऱ्या जंगलाकडं पाठ करून लोक त्या भिंतीपुढं फोटो काढत होते.

कुत्र्यांची जागा म्हणजे पत्र्याची शेड, खाली सिमेंट, दोन कूलर. मी म्हणालो, साहेब, ह्यांना माती पाहिजे. उन्हात हे जमीन उकरून खड्डा करतात आणि ओल्या मातीत पोट टेकून पडतात, तेवढंच त्यांना येतं. मॅनेजर म्हणाले, माती होती, लॉन खराब होईल म्हणून मुद्दाम सिमेंट टाकलं.

मॅनेजर तरुण होते, हॉटेलाचा मोठा कोर्स केलेले, बोलायला गोड. दुसऱ्या दिवशी केस कापायचं मशीन घेऊन आले. "गर्मी होते ना त्यांना? भादरून टाक."

मी सांगितलं, तसं करत नाहीत. आतली बारीक लव आणि वरचे लांब केस मिळून मातीच्या भिंतीसारखं काम करतात, थंडी रोखतात तसं ऊनही रोखतात. ते काढले तर कातडी भाजते.

"तुझं शिक्षण किती?"

"सातवी."

"हां," ते म्हणाले. बस, एवढंच. केस तेवढे वाचले. सरांनी फोनवर सांगितलं, फोटोत केस पाहिजेत. बरोबर गोष्ट झाली, पण ती चुकीच्या कारणासाठी झाली. तिथं जे काही बरं झालं, ते सगळं असंच झालं.

त्याच दिवशी रामटेके आले. पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे गावोगाव फिरून जनावरांना औषधपाणी करणारे सरकारी माणूस. वय चाळिशीचं, मोटारसायकलला औषधाची पेटी बांधलेली. कुत्र्यांचा रोग जंगलातल्या वाघाला लागू शकतो म्हणून लसीचे कागद तपासायला आले होते. कागद बघितले, शेड बघितली, हिमालय बघितला.

"पुन्याहून बर्फातले कुत्रे आनले," मॅनेजरांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "बर्फ तेवढा आनाचा राह्यला वाट्टे."

मग मला हळूच, "त्रास झाला तं फोन करजो. रात्रंदिवस कधीबी."

परक्या मुलखात असा एक नंबर मिळाला की माणूस आत कुठंतरी सैल होतो.

मोहाखाली

कुत्र्यांना फिरवायला मला पहाटेचे दोन तास मिळायचे. आधी पाणी. साधं पाणी ही कुत्री धड पीत नाहीत, पळायच्या नादात विसरतात. त्यात हाडांचा रस्सा घालावा लागतो, मग वासानं भांडं चाटून पुसून ठेवतात. मग जंगलाच्या कडेच्या मातीच्या वाटेनं, उजाडेपर्यंत.

मोहाचा मोसम होता. झाडाखालचा पाला जाळून जमीन काळी केलेली, तिच्यावर पिवळसर फुलं पडलेली आणि बायामाणसं टोपल्या घेऊन ती वेचणारी. हवेला गोड, जडसर वास. आमच्याकडं माळावर सकाळी वास येतो तो मेंढरांचा आणि बाभळीचा, हा वास मला नवीन. बाया आपापसात मोठ्यानं बोलत होत्या. नंतर समजलं, ते बोलणं एकमेकींसाठी कमी आणि वाघाला कळावं म्हणून जास्त.

त्यातल्या एक सोनाबाई. रिसॉर्टच्या फाट्यावरच त्यांचं घर. गोंड घरातल्या, केस पांढरे, पाठ ताठ. त्यांचं पिवळं कुत्रं मोती आमच्या पाचांना बघून त्यांच्या लुगड्यामागं गेलं.

"हे लांडगे होत का?"

"नाही बाई, कुत्रीच आहेत."

"मोती, ऐकलं का? कुत्रेच होत म्हनते. ये बाहेर." मोती आला नाही. "कोन गावचा तू?"

सांगितलं. इतक्या लांबचा म्हटल्यावर त्यांनी भाजलेली मोहफुलं माझ्या हातावर ठेवली. मनुक्यासारखी लागली. पुढं रोज काही ना काही. एकदा भाताबरोबर लाल मुंग्यांची चटणी. आंबट आणि झणझणीत. आधी मी डोळे मिटून खाल्ली, मग डोळे उघडून परत मागितली. आमच्याकडं भाकरीशिवाय पोट भरत नाही, तिथं सकाळ-संध्याकाळ भात. चार दिवस मला जेवल्यासारखंच वाटेना. सोनाबाई म्हणाल्या, "भाकर खाऊन तुमचे पोट दगडावानी झाले असतीन."

तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्यांनी राणीच्या पोटाखालनं हात फिरवला. "ही तं दोन जिवाची हाये."

"सहा आठवडे होत आले."

"आन हिले गाडीले जुंपाचं हाये?"

मी राणीच्या गळ्याचा पट्टा सारखा करत बसलो.

"गाभन बकरीले बी आमी लांब चराले नाई नेत. तुया मालकाले म्हाईत हाये का?"

मालकाला माहीत होतं. मालकानंच ती लावली होती. पिलं कुणाकुणाला द्यायची तेही ठरलं होतं. त्या संध्याकाळी मी धीर करून सरांना फोन केला. म्हणालो, वरातीत राणी नको, चौघांतल्या बादलला पुढं लावतो. सर म्हणाले, "बादल लोकांच्या गर्दीत बिथरतो. तुलाच माहीत आहे. अर्धा किलोमीटर तर ओढायचंय. काही होत नाही रे."

मला नाही म्हणायचं होतं. पण माझ्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, ते ऑपरेशन सरांनी करवून दिलं होतं. मला राहायला खोली दिली, गाडी चालवायला शिकवलं. त्यांचा आवाज ऐकला की माझी मान आपोआप हलते. फोनवर सुद्धा.

आरमोरी

वरातीच्या आदल्या दिवशी कुत्र्यांचं मटण आणायचं निमित्त झालं आणि रामटेके म्हणाले, चल, माझ्या गावाहून आणू, तिथं ओळखीचा आहे. मोटारसायकलवर व्याहाडच्या पुढं वैनगंगा लागली. केवढी नदी. उन्हाळ्यातही मधोमध पाण्याची रुंद पट्टी, आणि कडेच्या वाळूत कलिंगडाचे वेल. पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. धानाचे बांध, तळी, सागाची जंगलं, परत तळी. आमच्या दुष्काळी माणसाला तळ्यांचा हेवा वाटतो. मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

आरमोरीला रामटेक्यांच्या आईनं जेवायला वाढलं. स्वच्छ सारवलेलं घर, भिंतीवर बाबासाहेब, खाली पुस्तकांची फळी. भात, वरण, सुक्या मासळीचं कालवण. माझं शिक्षण त्यांनीही विचारलं. सातवी म्हटल्यावर त्या 'हां' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग राह्यलेलं कधी शिकतं?"

मी सरांचं सांगितलं. त्यांचे उपकार कसे आहेत, राणीचं बोलायला जीभ कशी उचलत नाही.

"त्यानं तुया आईचे डोळे केले, चांगलं केलं," त्या म्हणाल्या. "त्याचं भलं होवो. पन डोळे तुया आईचे झाले न? कुत्रीनं काय खाल्लं त्याचं?"

रामटेके हसले. "माय, त्याले जेवू दे."

"जेवूनच राह्यला तो. जेवताना कान बंद होतेत का?"

वरात

नवरदेव बल्लारपूरचा. वरात फाट्यापासून रिसॉर्टच्या मांडवापर्यंत. वेळ पाचची. मी तीन वाजताच रस्त्यावर जाऊन उघडा तळवा डांबरावर ठेवला, मनात पाच सुद्धा मोजता आले नाहीत. मॅनेजरांना सांगितलं. ते म्हणाले, टँकरनं पाणी मारतो. मारलं. तापलेल्या डांबरावरनं वाफ उठली. कुत्र्याला घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकून ते अंग गार करतं. हवाच ओली आणि गरम असली तर धापा टाकून काय होणार? आधी नुसतं ऊन होतं, ह्यांनी ते उकडून दिलं. पावलांना मी कापडी मोजे चढवले. तेवढंच माझ्या हातात होतं असं मी स्वतःला सांगितलं.

गाडी म्हणजे चार चाकांवर बसवलेली स्लेज, बर्फावरची घसरगाडी, पांढऱ्या कापसानं मढवलेली. वर नवरदेव शेरवानीत. पोरगा चांगला होता, कागद गिरणीतल्या कामगाराचा. घामानं त्याचा फेटा भिजला होता. पुढं बँड, वर ड्रोन, बाजूला फेसाचं यंत्र. पहिली दोनशे पावलं राणीनं नीट ओढली. मग पहिल्या वळणावर तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि बसली.

पाठीमागची चार थांबली. बँड थोडा वेळ वाजत राहिला आणि मग तोही थांबला.

मी तिच्याजवळ गेलो. जीभ विटेच्या रंगाची, लाळ दोरीसारखी चिकट. ती का बसली ते मला कळलं. कळलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही.

नवरदेव वरनं म्हणाला, "राहू द्या न भाऊ. मी पायदळ जातो. कायले त्या मुक्या जीवाले?"

तो उतरायलाही लागला. मॅनेजरांनी त्याला हातानं परत बसवलं. "दोन मिनिटं, दोन मिनिटं. व्हिडिओ अर्धा राहील." आणि फोन माझ्या कानाला लावला. पलीकडं सर. "बिरू, परक्या ठिकाणी माझं नाक कापू नकोस. उठव तिला."

मी उठवली. गळ्याच्या पट्ट्याला धरून ओढली आणि आवाज दिला. ती उठली, कारण आवाज माझा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती साठ-सत्तर पावलं पळाली. मग तिचे मागचे पाय एकमेकांत अडकले आणि ती तोंडावर पडली.

टाळ्या वाजवणाऱ्यांचा मला राग आला, मॅनेजरांचा आला, सरांचा आला. पण ओढणारा हात माझा होता. हे मी इथं लिहून ठेवतो, म्हणजे कुणाला सांगताना पुढं मला हे वाक्य गाळता येणार नाही.

माठाची जागा

पुढचं सगळं सोनाबाईंनी केलं. त्या आपल्या दारात उभ्या राहून वरात बघत होत्या. धावत आल्या आणि ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "उचल. माह्या घरात आन."

मी आणि नवरदेवानं मिळून तिला उचलली. खरंच, शेरवानीसकट त्यानं. मातीच्या जाड भिंतींचं घर, आत शिरताच अंगावरचं ऊन कुणी उतरवून घेतल्यासारखं वाटलं. कोपऱ्यात पाण्याचे तीन माठ होते. माठ झिरपून झिरपून खालची जमीन बारमाही ओली. सोनाबाईंनी तिन्ही माठ उचलून बाजूला ठेवले. "मोती बी इथीच येऊन पडते उन्हाचा. निजव तिले."

लाखो रुपयांच्या रिसॉर्टात जी जागा नव्हती, ती त्या घरात माठांच्या बुडाशी होती.

मी तिच्या पोटावर, जांघेत, पंजांवर पाणी सोडत राहिलो, सोनाबाई सुपानं वारा घालत होत्या. कुणीतरी बर्फाची पिशवी आणली ती मी परत पाठवली. एकदम बर्फ लावला की कातडीच्या शिरा आकसतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. रामटेके अर्ध्या तासात पोचले. ताप मोजला आणि मला आकडा सांगितला नाही. सलाईन खुंटीला टांगली.

"तुमी जा जी," सोनाबाई नवरदेवाला म्हणाल्या, "तुमची बाई वाट पाहून राह्यली असन." तो पायीच गेला.

राणीनं दोन दिवसांनी डोकं उचललं, मोहाच्या टोपलीचा वास घेतला, रस्सा घातलेलं पाणी प्याली. मला वाटलं, सुटलो. तिसऱ्या सकाळी तिच्याखालची माती वासानं वेगळी झाली होती. रामटेक्यांनी पोटावर नळी लावून बराच वेळ ऐकलं. "पिल्लायचे ठोके नाई लागून राह्यले. आत तसेच हायेत. चंद्रपूरले न्या लागते, आत्ताच्या आत्ता."

चंद्रपूर, जनावरांचा दवाखाना

तिथल्या डॉक्टरबाई वयानं माझ्याएवढ्याच. सोनोग्राफी करून सरळ म्हणाल्या, "पाचही पिलं मेलीत आणि पू झालाय. गर्भाशय काढावं लागेल. ही वाचू शकते. पण आज काढलं तर."

मी सरांना फोन लावला. सरांनी ऐकून घेतलं. पहिला प्रश्न केला, "किती पिलं होती?"

"पाच, सर."

"काढू नका," ते म्हणाले. "औषधावर ठेवा. तिच्यासारखी दुसरी मादी माझ्याकडं नाही, पुढच्या माजाला परत लावायचीय. मी उद्या आमच्या डॉक्टरांशी बोलून सांगतो."

"उद्यापर्यंत ती राहणार नाही म्हणतात, सर."

"घाबरवतात रे. मी सांगतो तेवढं कर."

मी आत गेलो. टेबलावर राणी, निळा डोळा अर्धा उघडा. डॉक्टरबाईंनी छापील कागद पुढं केला. ऑपरेशनला मालकाची संमती लागते.

"मालक कोण?"

रामटेके माझ्याकडं बघत होते. मला आईचे डोळे आठवले, पट्टी काढल्यावर तिनं पहिल्यांदा माझी दाढी बघितली होती. मी कागद घेतला. सातवीपर्यंतच शिकलो असलो तरी वाचता येतं मला. मालकाचे नाव, तिथं माझं नाव लिहिलं. मालकाची सही, तिथं सही केली.

"मी," म्हणालो.

दोन तास लागले. राणी वाचली.

रामटेक्यांनी त्याच दिवशी रिसॉर्टला लेखी दिलं, की ह्या हवेत ही कुत्री कामाला जुंपू नयेत, जुंपल्यास वरती कळवीन. सरकारी शिक्का बघून मॅनेजर नरम आले आणि उरलेल्या वराती रद्द झाल्या. मी तोंडानं हेच दहा वेळा सांगितलं होतं. त्याला शिक्का नव्हता.

पाचव्या दिवशी दवाखान्याच्या कडुनिंबाखाली बसलो होतो, राणीच्या पोटावर टाके, ते चाटू नयेत म्हणून मानेत फडकं बांधलेलं, सोनाबाईंनी पाठवलेल्या भाताच्या पेजेत जीभ घालून ती निवांत. सरांचा फोन आला.

"मालकाच्या रकान्यात तुझी सही आहे म्हणे."

"हो सर. वेळ नव्हता."

"गर्भाशय काढलेली मादी माझ्या काय कामाची? मालक झालास ना? मग सांभाळ आता. बाकीची चार आणायला गाडी पाठवतोय. त्या गाडीत तू बसू नकोस."

आणि माझ्या तोंडून निघालं, "उपकार झाले, सर."

फोन बंद झाला. पाचगणीजवळ एका रोपवाटिकेत माझा मामा कामाला आहे, त्याला लावला. तो म्हणाला, इथं उन्हाळा सोसवतो, घेऊन ये, माझ्या खोलीत राहा. सगळं मार्गी लागत होतं. उरलेल्या चौघांचं मात्र काहीच मार्गी लागत नव्हतं. बादलला मी जुंपणी घालायला शिकवलं आणि आता तो परत तिथंच जाणार, पुढच्या वर्षी आणखी कुठल्या तरी भिंतीवरच्या हिमालयापुढं. पण मला तिथं बसून सगळ्यात जास्त चीड आली ती माझ्या त्या तीन शब्दांची. एका जीवाला मरू दे म्हणणाऱ्या माणसाला मी, तो जीव टाकून दिल्याबद्दल, उपकार झाले म्हणालो होतो. कुणी मागितले नव्हते ते शब्द.

मी परत फोन लावला.

"आता काय?" सर म्हणाले.

"सर, मघाशी मी उपकार झाले म्हणालो."

"बरं मग?"

"आईच्या डोळ्यांचे उपकार आहेत. ते मरेपर्यंत राहतील. हे मघाचे मी मागं घेतो."

आणि मी फोन ठेवला. आठ वर्षांत त्यांच्याआधी मी फोन ठेवण्याची ती पहिली वेळ.